मिठाचा निवाडा

डिसेंबर १६७१. भाताची कापणी-मळणी आटोपलेली, नद्यांचे पाणी ओसरलेले, घाटवाटा कोरड्या पडलेल्या. बैलांचे तांडे घाटावरून धान्य घेऊन खाली उतरायचे आणि मीठ लादून वर चढायचे, ते हेच दिवस. याच दिवसांत कुडाळच्या सरसुभेदाराला राजाचे पत्र आले. सरसुभेदार होते नरहरी आनंदराव, राजा शिवाजी, आणि पत्राचा विषय मीठ.

त्या काळच्या राजपत्रांत आपण काय शोधतो? लढाया, गड, तह, वतने. हे पत्र मात्र वाण्याच्या वहीतून फाडून काढल्यासारखे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त. साहजिकच उदमी तिकडे वळतात. ते तिकडे वळले की संगमेश्वराकडचे आपले मीठ पडून राहते, आणि मिठाबरोबर जकातही बुडते. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की सगळा खर्च धरून ते संगमेश्वराच्या मिठापेक्षा महागच पडले पाहिजे. सारांश एवढाच. या पत्रात बारदेशच्या मिठाला बंदी नाही. ज्याला ते आणायचे असेल त्याने आणावे, फक्त त्यात त्याचा नफा उरू नये.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये कोल्बेर नावाचा मंत्री डच मालावर भारी जकाती बसवत होता. त्याचे १६६४ आणि १६६७ चे जकातपट युरोपच्या आर्थिक इतिहासात धडा म्हणून शिकवले जातात. कुडाळचे पत्र आमच्या शाळेत कोणी शिकवले नाही. गावातली घोडेबाव मात्र दाखवली. घोडा पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाईल अशी ती विहीर, आणि किल्ल्याच्या नावाने उरलेले थोडेफार.

मला या पत्रात कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. हुकूम द्यायचा तर 'जकात वाढवा' एवढ्या दोन शब्दांत काम भागले असते. सरसुभेदार चाकर माणूस, त्याने ऐकलेच असते. तरी राजा त्याला भाव, वाट, उदम्याचे मन आणि सरकारचा तोटा असे सगळे उलगडून सांगतो आणि मग म्हणतो, असे करा. हुकमाच्या आधी त्यामागचा विचार आला आहे. तो का आला असावा, याचा माग काढताना मी रोमपर्यंत जाऊन पोचलो, आणि तिथून परत आलो तो थेट आमच्या माजघरात.

माजघरात, म्हणजे आजीच्या सुपापाशी. दुपारची कामे उरकली की ती उजेडाला सूप घेऊन बसायची. आधी पाखडायची. फोलपट, कोंडा उडून जायचा. मग तांदळाची रास सुपाच्या एका कडेला लोटून बोटाने दोन-दोन, चार-चार दाणे आपल्याकडे ओढायची. खडा एकीकडे, भात राहिलेला दाणा एकीकडे, तांदूळ एकीकडे. आम्ही घाई केली की म्हणायची, "खडो रवलो तर दात तुझो जातलो, माझे नाय आसतच." या कामाला मराठीत निवडणे म्हणतात, आणि 'निवाडा' हा शब्द याच निवडण्यातून आला आहे. दोघांचे म्हणणे ऐकायचे, खरे-खोटे सुपात घ्यायचे, खडे बाजूला काढायचे आणि उरेल ते सांगायचे.

लॅटिनमध्ये 'देक्रेतुम' नावाचा शब्द आहे. इंग्रजीतला डिक्री त्यातूनच आला, आणि आपल्या दिवाणी कोर्टांतला डिक्री त्या इंग्रजीतून. देक्रेतुम ज्या क्रियापदापासून होतो त्याचे मूळ 'केर्नेरे', आणि त्याचा जुना अर्थ चाळणे, वेगळे करणे. धान्याच्या चाळणीला रोमन लोक 'क्रिब्रुम' म्हणत, तोही याच कुळातला शब्द. रोमच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची कधी ओळख झाली नाही, तरी दोन्हीकडच्या भाषांनी न्यायासाठी शब्द शोधला तो धान्य साफ करणाऱ्या हाताकडे बघूनच.

रोमन लोक कागदपत्रांच्या बाबतीत मोठे काटेकोर. बादशहाच्या तोंडून निघाले ते सगळे कायदाच, असे त्यांचे कायदेपंडित सांगत, पण ते निघाले कसे यावरून त्यांनी चार खण पाडले होते. सर्व प्रजेला उद्देशून जाहीर केले ते 'एदिक्तुम'. आपल्याकडे दवंडी पिटत तशातले. प्रांताच्या अधिकाऱ्याला धाडलेली आज्ञा ती 'मंदातुम'. कोणी अर्ज केला, शंका विचारली, तर त्यावर दिलेले लेखी उत्तर 'रेस्क्रिप्तुम'. आणि दोन पक्ष समोर उभे करून, ऐकून घेऊन बादशहाने न्यायाधीश म्हणून जे ठरवले ते देक्रेतुम, म्हणजे निवाडा. या हिशेबाने नरहरी आनंदरावांचे पत्र दुसऱ्या खणात पडते. कुडाळच्या अंगणात निवाडा व्हायचा तो गोतसभेत. वतनाचा, सीमेचा, मानपानाचा तंटा उठला की गोत बसायचे, महजर व्हायचा, आणि हजर असलेले लोक त्यावर निशाण्या करायचे. शेतकऱ्याचा नांगर, शेट्याचा तराजू. ज्याला अक्षर येत नसे त्याच्याही धंद्याचे हत्यार कागदावर साक्षीला उभे राही.

कागदावरून आठवले. शिवाजीराजांच्या पत्राच्या माथ्यावर अष्टकोनी मुद्रा असे, संस्कृतात. खाली मजकूर मराठी, पण त्यात फारसी शब्द मुक्कामाला आलेले. सनही शुहूर. १६७१ च्या पावसाळ्यापासून पुढचे वर्ष 'इसन्ने सबैन अलफ', म्हणजे अरबीत एक हजार बाहत्तर. आणि मजकूर जिथे संपतो तिथे आणखी एक लहान शिक्का, येथे मर्यादा शोभते अशा अर्थाचा. याचे प्रयोजन अगदी व्यवहारी होते: शेवटच्या ओळीखाली कोणी आणखी एक ओळ घुसडू नये. राजाच्या हुकमाला शेवट असतो आणि तो कुठे हे राजानेच दाखवून द्यायचे, ही कल्पना मला त्या शिक्क्याहून मोठी वाटते. हे सारे १६७१ चे, बरे का. राज्याभिषेकाला अजून अडीच वर्षे होती. डोक्यावर छत्र नव्हते, तरी कुडाळच्या नाक्यावर जकात त्याच्या शब्दाने वाढू शकत होती.

हा अंमल तसा नवाच होता. कुडाळ प्रांत आदिलशाहीचा, तिथे सावंतांची देशमुखी. १६६४ मध्ये विजापूरहून खवासखान फौज घेऊन आला तो याच मुलखात, आणि कुडाळच्या परिसरातून त्याला मागे हटावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. लखम सावंत आणि आणखी काही देसाई दबले की बारदेशात पळायचे, पोर्तुगीज त्यांना आसरा द्यायचे, आणि ते तिथून पुन्हा इकडे धिंगाणा घालायचे. १६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजीराजे बारदेशात घुसले त्याला हे मोठे कारण होते. म्हणजे मिठाचे पत्र गेले तेव्हा बारदेश हा काही परका, दूरचा मुलूख नव्हता. आज आपण पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा म्हणतो. तेव्हा पेडणेसुद्धा पोर्तुगीजांचे नव्हते. ते त्यांच्याकडे गेले १७८८ मध्ये. १६७१ मध्ये त्यांची हद्द शापोरा नदीपाशी संपत होती. नदीच्या अलीकडे एक हुकूम चाले, पलीकडे दुसरा.

पलीकडचे हुकूम आता पाहू. तिथे देक्रेतुम हा शब्द अस्सल रूपात, लॅटिनच्या घरच्या कपड्यांत वावरत होता.

ख्रिस्ती धर्मसभेने ठरवून जाहीर केलेल्या गोष्टीला देक्रेतुम म्हणायची रीत जुनी. ११४० च्या सुमारास बोलोन्यात ग्रातियान नावाच्या पंडिताने हजार वर्षांचे धर्मनियम एका ग्रंथात लावले. त्याने ग्रंथाला नाव दिले होते 'विसंगत नियमांची संगती', लोकांनी ते सरळ 'ग्रातियानाचे देक्रेतुम' करून टाकले. जवळजवळ ३८०० उतारे, एकमेकांना छेद देणारे, आणि प्रत्येकापाशी थांबून ग्रातियान विचारतो की हे दोन्ही खरे कसे? इथेही निवडणेच चालले आहे.

मग सोळाव्या शतकात ट्रेंटची धर्मसभा बसली. १५४५ ते १५६३, मध्ये खंड पडत अठरा वर्षे. तिचे ठराव युरोपातून आशियाच्या बंदरांपर्यंत धाडले गेले. त्यातला ११ नोव्हेंबर १५६३ चा एक ठराव 'तामेत्सी' नावाने प्रसिद्ध आहे. तामेत्सी म्हणजे 'जरी'. लॅटिन फर्माने पहिल्या शब्दाने ओळखली जातात, त्यामुळे कॅथलिक जगाच्या मोठ्या भागातल्या लग्नांचा कायदा 'जरी' या नावाने वावरत राहिला. चोरून, साक्षीविना लावलेले लग्न यापुढे लग्नच नव्हे. गावचा पाद्री हवा आणि दोन-तीन साक्षीदार हवेत, असा तो ठराव. तो लागू होण्याआधी प्रत्येक गावच्या चर्चमध्ये वाचून दाखवायचा होता. लोकांच्या कानावर न पडलेला हुकूम लोकांना बांधत नाही, हे त्यात गृहीत होते.

गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा १५६७ मध्ये भरली ती ट्रेंटचे ठराव इथे रुजवण्यासाठी. तिच्या ठरावांचे कागद वाचले की माणूस गोंधळतो. कोणालाही बळजबरीने, धाक दाखवून बाप्तिस्मा देऊ नये, असे त्यात स्पष्ट आहे. आणि त्याच कागदांत देवळे, मूर्ती, पुजारी, पोथ्या, सण, लग्नातली वाजंत्री यांवर बंदीची शिफारस आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात व्हाइसरॉयने त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टींना सरकारी कायद्याचे बळ दिले. तत्त्व म्हणायचे, जबरदस्ती नको. नियम म्हणायचे, राहाल कसे ते बघतो. ग्रातियान असता तर त्याने इथे लेखणी थांबवून विचारले असते, हे दोन्ही खरे कसे?

त्याचे उत्तर लोक आधीपासूनच पायांनी देत होते. साष्टी-बारदेशातून देव हलले, माणसे हलली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. खाड्या ओलांडून रातोरात पालख्या गेल्याच्या हकिकती आजही घराघरांत सांगतात. काही घराणी उत्तरेला कुडाळ-वाडीच्या मुलखात आली. पुढे ख्रिस्ती झालेलीही पुष्कळ कुटुंबे याच वाटेने वर सरकली आणि मालवणी बोलत इथेच राहिली. आज आमच्याकडे नाताळात शेजारच्या घरून नेवऱ्या येतात त्या या वाटेने आल्या आहेत. २००५ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. अशी पत्रे रोमहून रिवाजाप्रमाणे लॅटिनमध्येच निघतात. कुरटे बेटावर पोर्तुगीजांच्या आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या किल्ल्याचे नाव असे रोमच्या दप्तरात गेले.

भाषेची गोष्ट तर याहून मजेची. गोव्यातल्या आरंभीच्या धर्मसभांनी पाद्र्यांना बजावले होते की इथली भाषा शिका, नाहीतर लोकांच्या आत्म्यापर्यंत पोचाल कसे? त्या विचारातून फादर थॉमस स्टीफन्ससारखा इंग्रज माणूस मराठीत ओव्या रचू लागला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. आणि अडुसष्ट वर्षांनी हुकूम एकदम उलटा फिरला.

मध्ये घडले होते ते असे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी गोव्याच्या तोंडाशी असलेल्या जुवे बेटावर धडक दिली. व्हाइसरॉय होता आल्व्होरचा काउंट. तो प्रतिकाराला गेला आणि जखमी होऊन, जीव वाचवून परतला. जुन्या गोव्यात तो बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या चरणी ठेवला, आता हे राज्य तूच राख म्हणून, असे सांगतात. पुढे मुघल फौज कोकणात उतरली, मराठे मागे फिरले, गोवा वाचला. त्यानंतर पहिला पावसाळा लागला आणि २७ जून १६८४ रोजी याच व्हाइसरॉयने फर्मान काढले: लोकांनी आपली देशी भाषा सोडावी आणि पोर्तुगीज बोलावी. शिकायला मुदत तीन वर्षे.

तीन वर्षे! मुदत घालून भाषा सोडायची, म्हणजे भाषा ही जणू कर्जाची बाकी. घाबरलेल्या माणसाच्या हुकमाला आवाज मोठा असतो आणि तो कायम मुदत घालतो. आज बारदेशातल्या कुठल्याही मासळीबाजारात उभे राहून पाहा, सौदा कोणत्या भाषेत चालतो ते.

तर नदीच्या दोन्ही तीरांवर कागदाची भाषा एक आणि कानांची दुसरी, हे सारखेच होते. इकडे संस्कृत मुद्रेखाली फारसीमिश्रित मराठी, तिकडे लॅटिन ठरावाखाली पोर्तुगीज हुकूम. फरक पडला तो वेगळ्याच जागी. मिठाच्या पत्रात उदमी आपल्या फायद्याकडे जाणार हे धरून चालले आहे. त्याला दोष दिलेला नाही, त्याच्या फायद्याची दिशा तेवढी फिरवली आहे. माणूस जसा आहे तसा सुपात घेतला आहे. आल्व्होरच्या फर्मानाला माणूस हवा होता तसा व्हायला हवा होता, तोही १६८७ च्या जूनपर्यंत.

धर्माच्या हुकमाबद्दल बोलताना आमच्या देवळांना वगळून चालणार नाही. कुडाळच्या कुडाळेश्वरापासून तळकोकणातल्या कुठल्याही गावठाणातल्या राउळापर्यंत देवाचा हुकूम मिळवायची एक चाललेली रीत आहे: कौल. बारा-पाचाचे मानकरी जमतात, गाऱ्हाणे घातले जाते. "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात, मग अडचण आणि मग प्रश्न. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या किंवा पाकळ्या लावतो. सगळे गप्प. तेलाच्या वासाचा, काजळी धरलेला गाभारा. एखादी पाकळी हलते, अडते, पुन्हा हलते. उजवी पडली तर होकार. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा अशीच ठरते. पंचांगातली ठरीव तिथी तिला नाही; देवीचा कौल होतो आणि मग तारीख जाहीर होते. ती कळली की मुंबईतल्या चाकरमान्यांच्या रजा ठरतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, पुढाऱ्यांचे दौरे फिरतात. एवढ्या लोकांना हलवणारा हुकूम, आणि त्यात कारण एका शब्दाचेही नाही. हीच तारीख का, असे देवीला कोणी विचारत नाही.

रोमन खणांत बसवायचे तर कौल हा रेस्क्रिप्तुम. अर्ज आधी, उत्तर नंतर. विचारल्याशिवाय देव बोलत नाही. पण 'कौल' हा शब्द मुळात देवळातला नव्हेच. तो अरबी, अर्थ वचन, शब्द. राजे लोक रयतेला, व्यापाऱ्याला, शरण आलेल्या किल्लेदाराला कौल देत. त्याचा कौलनामा होई. तुझ्या केसाला धक्का लागणार नाही, ये, पेरणी कर. दरबारातला हा शब्द उचलून आमच्या लोकांनी देवाच्या तोंडी घातला. देवानेही राजासारखे लेखी-तोंडी बांधून घ्यावे, ही त्यामागची अपेक्षा असणार. उलट दिशेनेही जा-ये होती: गोतसभेला साक्षी-पुराव्याने निकाल लागेना तर वादी देवळात दिव्य करायचा, उकळत्या तेलात हात घालून धातूचा तुकडा काढायचा. हात भाजला नाही तर तो खरा. तिथे सूप बाजूला पडून थेट चूल पुढे येई, आणि ते दिवस गेले हे बरेच झाले.

तत्त्वज्ञानाकडे येतो. हे वळण तसे लांबचे, पण कुडाळच्या पत्राला खरा उजेड इथून मिळतो.

ग्रीक तत्त्ववेत्ते आपल्या मूळ सिद्धांतांना 'दोग्मा' म्हणत. सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमारास ते विचार लॅटिनमध्ये आणताना शब्द वापरला देक्रेतुम. म्हणजे ज्या शब्दाने सिनेटचा ठराव सांगायचा त्याच शब्दाने 'सद्गुण हेच एक भले आहे' असला सिद्धांत. पुढे शतकभराने सेनेकाने आपल्या मित्राला दोन लांबलचक पत्रे लिहिली, चौऱ्याण्णवावे आणि पंचाण्णवावे. वाद असा: माणसाला नीट वागवायला नुसते उपदेश पुरतात, की त्यांच्या मुळाशी सिद्धांत लागतात? बायकोशी असे वागावे, नोकराशी तसे, हे झाले उपदेश. सेनेका म्हणतो, उपदेश ही पाने. फांदीवाचून पाने हिरवी राहत नाहीत; देक्रेता ही ती फांदी.

सेनेकाचे नाव कानावर न पडलेल्या माणसाने ही फांदी आपल्याकडे लावली. रामचंद्रपंत अमात्य. शिवाजीराजांच्या अष्टप्रधानांत बसलेला, जिंजीच्या कठीण काळात महाराष्ट्र सांभाळलेला, आणि म्हातारपणी कोल्हापूरकरांच्या दरबारी असलेला हा कारभारी. १७१५ च्या सुमारास त्याने 'आज्ञापत्र' सिद्ध केले. नाव हुकमाचे, घाट हुकमाचा. पण उघडून पाहावे तर राज्य कशाला म्हणतात याचा विचार. सावकार हे राज्याची शोभा का, वतनदाराला किती सैल सोडावे, गडावर पाणी नसेल तर गड कसा व्यर्थ. फिरंगी, इंग्रज, वलंदेज या टोपीकरांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये. व्यापारी म्हणून येतात, पण त्यांच्या मागे राजे आहेत. आणि आरमाराचे लाकूड. साग वगैरे जंगलातून तोडावे, पण आंबा-फणस ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी जपून वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले, तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच घ्यावे. फणसाला हात लावू नको हा झाला उपदेश. पण अमात्य तिथे थांबत नाही, झाड आणि माणूस यांच्यात किती वर्षे गुंतलेली असतात ते सांगतो. मग सरकारी सुतार कुऱ्हाड उगारण्याआधी फणसाकडे निराळ्या नजरेने बघेल, निदान बघावे.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या मिठाच्या पत्रात जे चार ओळींत होते ते इथे पोथीभर आहे. नरहरी आनंदरावांना कारणे का सांगितली गेली याचे माझे उत्तर यातच आहे. पत्र काही सगळ्या प्रसंगांना पुरत नाही. उद्या बारदेशच्या मिठाऐवजी दुसरेच काही स्वस्त होऊन वर चढू लागेल. तेव्हा रायगडाला किंवा राजगडाला माणूस धाडून विचारत बसायचे की काय? कारण ठाऊक असलेला सरसुभेदार पुढचा हुकूम स्वतः काढू शकतो. पान गळाले तरी फांदी त्याच्याकडे उरते.

आता आपला, चालू काळातला डिक्री. इंग्रजी अमलाने आणलेला हा शब्द आमच्या जिल्ह्यात जेवढा रुळला तेवढा क्वचितच कुठे रुळला असेल. सामाईक जमिनी, मुंबईला गेलेले भाऊ, आंब्याची कलमे एकाची आणि जमीन दुसऱ्याची. "माका डिक्री गावली" हे वाक्य इथे मुलगा झाल्याच्या सुरात सांगितले जाते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने एक गोष्ट मोठ्या शिस्तीने केली. न्यायाधीश कारणे लिहितो तो न्यायनिर्णय वेगळा, आणि त्यावरून निघतो तो हुकूमनामा वेगळा. हुकूमनाम्यात दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावे, काय मागितले, काय दिले, खर्च कोणावर. कारण नाही. चाळलेले तांदूळ एका कागदावर, सूप दुसऱ्या कागदावर.

आमच्या नात्यातल्या एका घराकडे असा एक हुकूमनामा होता. कापडात गुंडाळून, डब्यात घालून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेला. गणपतीत डबा खाली यायचा, पुसला जायचा, पुन्हा वर जायचा. बांधाच्या पलीकडचे आठ गुंठे आपले, असे त्यात लिहिलेले. पण अंमलबजावणीची दरखास्त करायला कायद्याने बारा वर्षे देतात, आणि ती बारा वर्षे हा भाऊ मुंबईहून येईल, तो मे महिन्यात येईल, यात निघून गेली. न्यायनिर्णयाची प्रत कुणी कधी घेतलीच नव्हती. जमीन का आपली हे घरात आता कोणालाच सांगता येत नाही. कागदावर फक्त 'आपली' आहे.

मिठाकडे परत येऊन थांबतो, कारण मीठही परत आले. कुडाळहून वेंगुर्ल्याच्या वाटेने पुढे खाली उतरले की आरवलीपलीकडे शिरोडे. खाडीकाठी आगरे, आगरांत पाण्याचे चौकोन. मे १९३० मध्ये दूरदूरहून आलेल्या सत्याग्रहींनी इथे मिठाचा कायदा मोडला. इंग्रज सरकारच्या १८८२ च्या कायद्याने मीठ पिकवण्या-विकण्याची मक्तेदारी सरकारकडे गेली होती; समुद्राकाठच्या माणसाने ओंजळभर मीठ उचलले तरी गुन्हा. गांधींनी दांडीला ६ एप्रिलला मूठ उचलली, आणि महिन्याभराने ती शिरोड्याच्या चिखलात पोचली. त्या चिखलात उभे राहणाऱ्यांना विचारायचे होते ते एकच: का? १६७१ मध्येही कुडाळच्या नाक्यावरून जाणाऱ्या बैलामागे मिठाची जकात वाढली होती, तांडेवाला तेव्हाही चडफडला असेल. पण नाक्यावरचा कारकून त्याला निदान सांगू शकला असता की बाबा, संगमेश्वराकडून आणलेस तर स्वस्त पडेल.

आमच्या घरी शिरोड्याचे खडे मीठ यायचे, गोणपाटातून, ओलसर, करड्या रंगाचे. आजी ते मातीच्या मडक्यात भरायची. भरण्याआधी परातीत पसरून उजेडाला बसायची आणि बोटाने चिखलाचे कण, शंखाचे तुकडे बाजूला काढत राहायची. मीठ पाखडता येत नाही, म्हणून वेळ जास्त लागायचा.